सावळीरामचा फ्लेक्स

पंचवटी, नाशिक
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. चैताली,
सप्रेम जय भीम.

मी बरा आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तू आणि सुलावहिनी सायखेड्याला नीट पोचलात, हे शेजारच्या आशाकडून कळलं. आईचं बीपी कसं आहे? गोळ्या वेळेवर देत जा. तू माझे फोन उचलत नाहीस, ते योग्यच करतेस. मीही उचलले नसते. म्हणून हे पत्र.

इथं तो फ्लेक्स अजून चौकात लटकतोय. वरची एक दोरी सुटलीय, वाऱ्यानं फडफडत असतो. भाजीला जाताना मी मान खाली घालतो, तरी दिसतोच. तुझ्या बापाचा फोटो पासपोर्टएवढा, आणि शोकाकुल आप्पांचा, हात जोडलेला, दाराएवढा. शिसारी येते बघून. मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवर स्वतःचे दात दाखवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आणि त्याखालचा मजकूर! 'क्रूर काळाने घाला घातला, मायेचा वटवृक्ष उन्मळून पडला.'

वटवृक्ष! आपला सावळीराम! पंचेचाळीस किलोचा माणूस, शाळेची घंटा वाजवताना चवड्यांवर उभा राहायचा. सव्वीस वर्षं आम्ही एका शाळेत होतो, मी मराठी शिकवायचो, तो शिपाई. मधल्या सुट्टीत त्याच्या स्टुलावर बसून त्याच्याच डब्यातला ठेचा मी खायचो. त्याला कुणी वटवृक्ष म्हटलं असतं तर म्हणाला असता, 'सर, माझ्या सावलीला बसाल तर उन्हानं मराल.'

तो मजकूर माझा आहे, हे तुला माहीत आहे. रिटायर झाल्यापासून आप्पांचे निवडणुकीपासून वाढदिवसापर्यंतचे सगळे फ्लेक्स मीच लिहितो. 'कार्यसम्राट' माझं, 'विकासाची गंगा दारोदारी' पण माझंच. आमच्या दारात आली ती गटाराची. लोक हसायचे, मीही हसायचो. अतिशयोक्ती आहे, त्यात कुणाचं काय बिघडतं, म्हणायचो. तीस वर्षं दहावीच्या पोरांना अलंकार शिकवले, तेव्हा हे चार शब्द जुळवणं मला डाव्या हाताचा मळ वाटायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू मला त्या फ्लेक्सखाली गाठलंस. 'सर, काळाने घाला घातला, हा कोणता अलंकार?' आणि मी गाढव खूश झालो! हुशार पोरगी, अजून लक्षात आहे तिच्या, असं वाटलं. 'चेतनगुणोक्ती,' म्हणालो. 'जे सजीव नाही ते सजीव आहे असं समजून बोलायचं. काळ काही माणूस नाही, पण लिहिणारा त्याला हातपाय देतो.' तुझ्या बापाच्या पुण्यानुमोदनाला चारचौघांत तास घेतला मी.

तू म्हणालीस, 'मग काळाला गाडी पण दिली असेल. तिचा नंबर काय, सर?'

थोबाडीत बसल्यासारखं झालं. तू तडक निघून गेलीस. लोक म्हणाले, पोरगी दुःखानं बोलली, मनावर घेऊ नका. पण मला नंबर माहीत होता.

थांब, पत्र फाडू नकोस. पुढचं वाच.

दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी पोटरीत गोळा आला म्हणून मी फिरायला गेलो नाही, असं तुम्हाला सांगितलं होतं. खोटं. रोजच्यासारखे आम्ही दोघं दिंडोरी रोडला होतो. सहा वाजून गेले होते. कडेची चहाची टपरी अजून उघडली नव्हती. मी बुटाची नाडी बांधायला थांबलो, तो पुढे गेला. मागून आप्पांची पांढरी गाडी सुसाट आली. चालवत होता सनी, त्यांचा पुतण्या. पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात वाहन' आहे. अज्ञात कसलं डोंबलाचं! त्या सनीला नववीत मी दोनदा बाकावर उभं केलंय.

आमचा अमित आप्पांच्या ऑफिसात कामाला आहे. त्याच दुपारी आप्पांचा माणूस घरी आला. 'सर, सावळीराम तुमच्या जवळचे. मजकूर तुम्हीच लिहा. आप्पा अमितचं पण पर्मनंट करायचं म्हणत होते.' मी मूग गिळले आणि पेन उचललं. पाच मिनिटंही लागली नाहीत, चैताली. इतकी सवय! सनीनं गाडी अंगावर घातली, एवढंच सरळ वाक्य होतं. त्यातला सनी काढला, तिथं काळ बसवला. अलंकार म्हणे! थू! तेव्हापासून मला माझ्याच अक्षराची किळस येते.

काल पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. नाव, नंबर, वेळ, सगळं. हवालदार म्हणाला, 'काय सर, बारा दिवसांनी आठवलं का?' म्हटलं, 'विसरलोच नव्हतो.' त्यानं तेही लिहून घेतलं. अमित कालपासून बोलत नाही. 'म्हातारपणी हरिश्चंद्र झाले,' असं सुनेला म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेतानं. आप्पांचे दोन फोन आले. पहिला गोड होता.

जबाबाची झेरॉक्स सोबत आहे. वकिलाला दाखव. तो म्हणेल, साक्षीदार म्हातारा, त्यात उशिरा आलेला, टिकणार नाही. त्याला सांग, कोर्ट बोलावेल तितक्या वेळा मी येईन. केस सोडू नकोस.

पण त्या जबाबात एक गोष्ट आहे, ती तू झेरॉक्समध्ये वाचण्याआधी माझ्याकडून ऐक. ती लिहायची म्हणून मघापासून दोनदा उठलो, दोनदा चहा केला.

सावळीराम लगेच गेला नव्हता. रस्त्याच्या कडेला पडला होता, डोळे उघडे होते. त्यानं मला 'सर' म्हणून हाक मारली. मी चार पावलांवर होतो. सनी गाडीतून उतरला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, 'सर, तुम्ही काय बघितलं नाही. घरी जा.' सावळीरामनं पुन्हा हाक मारली.

मी घरी गेलो.

टपरीवाला साडेसहाला आला, त्यानं रिक्षा थांबवली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला, हे तुला माहीत आहे. तेवढा वेळ मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलो होतो.

सुलावहिनींना हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

तुझ्या वडिलांना हाका मारत ठेवून घरी गेलेला,
भिका रामचंद्र पगारे