दामोदरचा संप

रोहा, २ फेब्रुवारी १९९४

ती. सौ. ताईस, दामोदरचा शि. सा. न. वि. वि.

पापडांचा डबा पोचला. शांतीने तो लपवला आणि अनन्याने शोधून काढला, तेव्हा निम्मा रिकामाच समज.

अनन्याच्या माशांचं मात्र काही खरं नाही. रेवदंड्याहून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणतो, तरी टाकीत घाण साचतेच. परवा पिवळा मासा गेला. पोरगी दिवसभर जेवली नाही. उरलेले दोन कसेही करून वाचवायचेत. शांती म्हणते, ही टाकी नव्हे, सवत आणलीत घरात.

भावोजींना नमस्कार. त्यांनी कधी दोन ओळी लिहिल्या तर फार बरं वाटेल.

तुझा लोभ असाच डबे भरून येऊ दे.

तुझा
दामोदर

ता. क. संपाचं पक्कं झालं. रविवारपासून सुरू. कंपनीतला अंबरीश तेवढा माझ्यासोबत आहे, बाकीचे नुसते बघे. शांती नको म्हणते, पण आता माघार नाही.


पेण, ६ फेब्रुवारी १९९४

चि. दामोदरास अनेक आशीर्वाद.

अरे, तुला वेड लागलंय का? काल संध्याकाळी तुझं पत्र वाचलं. माशांच्या गोष्टी रंगवून सांगतोस आणि संपाचं ता. क. मध्ये! तेही एका माणसाच्या भरवशावर!

संप म्हणजे काय ते मला विचार. ह्यांची ठाण्याची नोकरी संपात गेली. बाकीचे एकेक करून कामावर परतले, हे शेवटपर्यंत गेटवर बसले. पेणला आल्यापासून खिडकीशी खुर्ची आणि समोरच्या गणपतीच्या कारखान्याकडे नजर, एवढंच. बाजारात जात नाहीत, कुणाकडे जात नाहीत. माझ्याशीसुद्धा कामापुरतं बोलतात. माझा चांगला बोलका नवरा त्या संपाने नेला रे.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. आज सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट मागितला आणि बाहेर पडले. मागोमाग पापड लाटायला येणारी धोंडुबाई धापा टाकत आली, दादा रोह्याच्या येष्टीत बसलं गो, म्हणाली. मला आधी खरंच वाटेना.

हे पत्र तुला मिळेपर्यंत ते पोचलेले असतील. काय सांगायला आलेत, मला ठाऊक नाही. रागावले तर ऐकून घे. इतक्या वर्षांनी ते आपणहून कुणाच्या दारी गेलेत, त्यांना हिरमुसून परत यायला लावू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर.

माया आहेच, म्हणून तर शिव्या घालते.

तुझी
ताई


रोहा, ९ फेब्रुवारी १९९४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, हा तो संप नव्हे! शोभेच्या टाकीखाली दुसरी टाकी ठेवायची. वरचं पाणी नळीने खाली येतं, स्पंजातून आणि पोवळ्याच्या चुऱ्यातून गाळून निघतं, आणि पंप ते परत वर चढवतो. त्या खालच्या टाकीला मासेवाले संप म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, तो पेणला जाऊन पेट घेईल हे मला काय ठाऊक!

भावोजी आले तेव्हा मी टेबलाखाली पालथा, हातात नळी, नखशिखांत भिजलेला. ते दारातूनच बोलायला लागले. म्हणाले की दामोदर, लेकीचा विचार कर, हे करू नकोस. मग म्हणाले की करणारच असशील तर मी आलोय, गेटवर तुला एकट्याला बसू देणार नाही. मला काही उलगडेना. कसलं गेट, विचारलं. तेवढ्यात अनन्याने टेबलाखाली बोट दाखवून सांगितलं, काका, हा बघा आमचा संप. ते हसले. मग वीज गेली, पंप थांबला, खालची टाकी भरून वाहिली आणि बादली घेऊन आम्ही सगळेच धावलो.

पाणी आता काचेसारखं आहे. दोन्ही मासे खातात. शांती म्हणते, संप यशस्वी झाला, माशांच्या सगळ्या मागण्या मान्य. वीज गेली की भावोजी बादली घेऊन हजर असतात आणि अनन्या त्यांना सोडायला तयार नाही. अजून आठवडाभर राहू देतेस का?

राग गेला असेल तर लोभाला जागा कर.

तुझा
दामोदर


पेण, १२ फेब्रुवारी १९९४

चि. दामोदरास अनेक आशीर्वाद.

टाकी म्हण, हौद म्हण, तुला दुसरा शब्दच मिळाला नाही! धोंडुबाईला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. मासे पाण्यात रुसून बसलेत, असंच ती गावभर सांगत सुटलीय.

त्यांना हवं तितकं राहू दे. औषधाच्या गोळ्या आणि दोन शर्ट उद्या नागोठण्याच्या मास्तरांबरोबर पाठवते.

पण तू पत्र कसलं लिहितोस रे! हे हसले, असं दोन शब्दांत उरकलंस आणि लगेच बादलीवर गेलास. असं कुणी लिहितं का? मी त्या दोन शब्दांवरच अडून बसलेय. कसे हसले? नुसते ओठांत, की मोठ्याने? पूर्वी हसता हसता त्यांना ठसका लागायचा आणि मग मला पाणी घेऊन धावावं लागायचं. ठसका लागला का? शांतीला विचार, अनन्याला विचार, आणि सगळं नीट लिही. मी विचारलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

आशीर्वाद तिघांना, आणि चौथ्यालाही.

वाट बघणारी
ताई