मासिकातलं राजकारण आणि वखारीमागचा उतार

ती. ओतिलिए आक्काला धाकट्या ओताकरचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या ऑपरेशनपासून उजवा पाय वाकत नाही, तेव्हा आठातलं एक अंग तूर्त वजा धर.) तुझी कंबर कशी आहे? लुबोश दाजींचा खोकला हटला का? आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे राद्का बरी आहे आणि मी तिच्या मते जिवंत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र उचलावंच लागतं, निदान फाडायला तरी.

राद्काकडून तुझा निरोप कळला, की यंदा संत वात्स्लावच्या सणाला तुमच्याकडे खुर्च्या कमी आहेत. आक्का, तुझ्या घरातल्या खुर्च्या मला ठाऊक आहेत. निम्म्या मीच गाडीच्या टपावर बांधून यिह्लावापर्यंत आणल्यात. खुर्च्या आहेत तेवढ्याच आहेत, माझ्यावरचा लोभ आटलाय, सरळ सांग ना! बाबा गेल्यापासून एकही सण असा गेला नाही, की सकाळी आपण दोघं परड्या घेऊन वखारीमागच्या उतारावर गेलो नाही आणि दुपारी तू अळंब्या घालून अंडी परतली नाहीस, वर ते शहाजिरं टाकून. तो उतार बाबांनी फक्त आपल्या दोघांना दाखवला होता आणि मी तो अख्ख्या देशाला दाखवला, असा तुझा आरोप आहे. आरोप खरा आहे. पण आधी हकीकत ऐक, मग सणाला मला बोलवायचं की नाही ते ठरव. दोष माझा नाहीच. दोष व्हिडिओ गेमच्या मासिकात राजकारण घुसडणाऱ्यांचा आहे.

हसू नकोस. या वयात व्हिडिओ गेम खेळतो म्हणून तू मला बऱ्याचदा हसली आहेस (दाजी दिवसभर टीव्हीवर बर्फावरची हॉकी बघतात, त्यांना कुणी हसत नाही). मी ‘चौथी फेरी’ हे मासिक पहिल्या अंकापासून घेतो. पूर्वी त्यात काय असायचं? खेळ कसा आहे, किती कठीण आहे, आपल्या जुन्या कंप्युटरवर चालेल की धूर निघेल, एवढंच. वाचलं, घेतला, खेळलो, झोपलो. आता ट्रॅक्टरच्या खेळाचं परीक्षण उघडावं तर दोन पानं शेतीच्या अनुदानावर. आगगाडीचा खेळ असला तर रेल्वे कुणी कुणाला विकली. परवा एका खेळात नुसतं एक मांजर छपरावरून उड्या मारतं, तर परीक्षणात त्या मांजराच्या निमित्ताने घरभाड्यांची चर्चा! मांजर उडी कशी मारतं, ते शेवटच्या ओळीत. आणि एवढं देशाचं कल्याण करून झाल्यावर खाली गुण दहापैकी सात. सगळ्यांना सात. क्रांती झाली तरी सात.

पुढच्या अंकात वाचकांची पत्रं येतात. निम्मे म्हणतात राजकारण फार झालं, निम्मे म्हणतात फारच कमी पडलं, आणि ते आपसात असे जुंपतात की खेळाचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. मी या दोन्ही टोळ्यांत नाही. मला फक्त खेळ कसा आहे ते सांगा, बस्स.

आता मुद्द्यावर येतो. वसंतात गुडघा कापला, डॉक्टरने सांगितलं यंदा रानात पाऊल टाकायचं नाही. आक्का, तुला खरं सांगतो, त्या दिवशी मी घरी येऊन परडीकडे बघितलं आणि मला रडू आलं. (राद्काला सांगितलं की कांदा.) आणि नेमका त्याच वेळी ब्रनोच्या दोन पोरांनी केलेला ‘परडी’ नावाचा गेम येणार अशी जाहिरात आली. रानात हिंडायचं, अळंब्या शोधायच्या, विषारी ओळखायच्या, परडी भरून घरी यायचं. म्हटलं, देव आहे! सगळा उन्हाळा मी त्या गेमची वाट बघत खुर्चीत बसून काढला आणि परीक्षणासाठी मासिकाच्या मागे लागलो.

परीक्षण लिहिलं होतं क्रिश्तोफ मांदेलिक नावाच्या गृहस्थांनी. तीन पानं. पहिलं पान: रान कुणाचं? दुसरं पान: रान पूर्वी कुणाचं होतं? तिसरं पान: रान यापुढे कुणाचं असणार, आणि निवडणुकीत कोण काय म्हणतंय. अळंबी हा शब्द मी बोट ठेवून शोधला तेव्हा एकदा सापडला, तोही फोटोखाली. अरे, पण देठ चाकूने कापायचा की पिळून उपटायचा? या एका प्रश्नावरून आमच्या गावच्या गुत्त्यात दोन वेगळी टेबलं झालीत, माझी आणि वखारवाल्याची, आणि गेममध्ये काय करतात ते हा माणूस सांगत नाही! माझा तोल गेला. मी संपादकांना पत्र ठोकलं, की आम्ही गेमसाठी पैसे मोजतो, भाषणासाठी नाही. भाषणं आम्हाला सरपंच कुबातोवाबाई फुकट देतात.

संपादकांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. तुम्हीच लिहा, आम्ही छापतो.

मग मात्र माझ्या अंगात आलं. मी गेम विकत घेतला (कंप्युटर चालला, पंखा जरा दम्याच्या पेशंटसारखा वाजतो) आणि मन लावून खेळलो. आक्का, काय सुंदर केलाय! मी परीक्षण लिहायला बसलो आणि शपथ घेतली की यात राजकारणाचा शिंतोडाही पडू द्यायचा नाही. मालकी नाही, सरकार नाही, पक्ष नाही, निवडणूक नाही. आता हे सगळं वगळून रानाबद्दल लिहायचं तर हातात उरतं काय? झाडं, दगड, पाणी, आणि अळंब्या कुठे उगवतात. तेच मी लिहिलं. गेममधलं रान किती हुबेहूब आहे हे पटवायला म्हटलं, की लाकडाच्या वखारीमागे, रस्त्याकडेच्या मोडक्या देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला, ओढा उतरून गेलं की बर्च झाडांखाली शेवाळलेल्या खडकाला लागून पावसानंतर जशी जाड देठाची तपकिरी अळंबी वर येते, अगदी तश्शी या गेममध्ये येते. गावाचं नाव घातलं नाही. मी काय वेडा आहे?

मासिकात वाचकाने काही लिहिलं की खाली त्याचं नाव आणि गाव छापतात. सगळ्यांचंच छापतात, पहिल्या अंकापासून. मीही पहिल्या अंकापासून वाचतोय.

अंक बाहेर पडला, त्यानंतरच्या शनिवारी सकाळी राद्का पाव आणायला गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, “अहो, देव्हाऱ्यापासून वखारीपर्यंत गाड्याच गाड्या लागल्यात, प्राग आणि कुठल्या कुठल्या.” मी काठी घेऊन निघालो. डॉक्टर गेला उडत. उतारावर जत्रा भरलेली! बायका, म्हातारे, कुत्री, आणि एकाच्या हातात चक्क माझ्या परीक्षणाचं पान, त्यात बघून तो बायकोला सांगतोय, “डावीकडे, डावीकडे, खडक दिसला का?” खडकावरचं शेवाळ बुटांनी खरवडून निघालं होतं. बाबा ज्या बुंध्याला टेकून पाइप ओढायचे, तिथे कुणीतरी जेवणाचे डबे उघडले होते.

मी काठी उगारून ओरडलो, “चालते व्हा! हे रान आमचं आहे!”

एक चष्मेवाला तरुण परडी घेऊन पुढे आला. बरोबर त्याची आई. अगदी अदबीने म्हणाला, “काका, रान तुमचं कसं? आपल्यापुरत्या अळंब्या कुणीही गोळा कराव्यात, असा कायदाच आहे. मी तीन पानं त्यावरच लिहिली होती.”

मांदेलिक! साक्षात!

मी म्हटलं, “तुमची तीन पानं मी वाचलीत. कायदा गेला चुलीत. आमच्या बापाने ही जागा शोधली, तुम्ही प्रागची माणसं इथे येऊन लुटता आणि गावाला काय मिळतं? चिखल!” आणि मग मी जे सुरू झालो ते थांबेचना. मालकी काढली, सरकार काढलं, राजधानीची माजोरी काढली, निवडणूकही काढली. लोक परड्या खाली ठेवून ऐकत होते. मांदेलिक खिशातून कागद काढून टिपून घेत होता. त्याची आई त्याला म्हणाली, “बघ, असं लिहावं. तुझं कसं कोरडं होतं.”

तिथून मी तडक ग्रामपंचायतीत गेलो. मागणी केली की उताराला कुंपण घाला, रस्त्यावर आडवा बांबू लावा, गावकऱ्यांना ओळखपत्रं द्या. कुबातोवाबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “ओताकर, गेममध्ये राजकारण नको म्हणून गुत्त्यात गळा काढणारे तुम्हीच ना?”

मी म्हटलं, “बाई, तो गेम होता. या अळंब्या आहेत!”

तर आक्का, ही अशी हकीकत. मांदेलिकने आधीच सरळ सांगितलं असतं की देठ कापतात की उपटतात, तर मी पत्र लिहिलं नसतं, संपादकांनी मला डिवचलं नसतं आणि आपला उतार आज जागेवर असता. दोष कुणाचा ते आता तूच सांग. सणाला मी येतो. उभा राहीन, खुर्ची नको. दाजींना नमस्कार. रागावू नकोस, किंवा रागाव, पण तोंडाने रागाव, फोन आपटून नको.

तुझा अर्धा शहाणा भाऊ,
ओताकर

ता. क. वर दोष माझा नाही असं लिहिलंय, ते राद्काने वाचलं आणि माझ्यापुढे खोडरबर ठेवलं. शाई त्याने पुसत नाही. तेव्हा ते वाक्य खोडलं आहे असं समज. चुकलो, आक्का. फार चुकलो.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण आता लिहितो. त्याच शनिवारी दुपारी राद्काला पेट्रोल पंपावर लुबोश दाजी भेटले. त्यांच्या डिकीत दोन परड्या होत्या, वर टॉवेल, आणि टॉवेलखाली तपकिरी टोप्या, अगदी काठोकाठ. आपल्या उतारावर तर त्या दिवशी बूट सोडून काही उगवलं नव्हतं. म्हणजे आणखी एक जागा आहे, आणि बाबांनी ती तुला एकटीला दाखवली. मी आधी भडकलो. मग जिन्यावर बसून विचार केला. बाबांना माझं तोंड माहीत होतं ग. त्यांनी मला दिली ती जागाच मुळी सांगून टाकण्यासाठी दिली होती. तरी मला एकदा त्या दुसऱ्या जागी ने. डोळ्यांवर पट्टी बांध, गाडीत उलटा बसव, नुसतं झाडाखाली उभं कर. काय वास येतो तेवढं बघू दे.

ता. क. तिसरा. माझं परीक्षण गाजल्यामुळे संपादकांनी आता मासेमारीच्या गेमवर लिहायला सांगितलंय. दाजी ते मोठे मासे कुठल्या डोहात धरतात, एवढं सहज विचारून कळव. काळजी करू नकोस, या वेळी खाली माझं नाव-गाव नसेल. तुझं घालतो.