आपल्या शेताचं रान झालं, त्याची हकिकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरून, पण वाकून). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. भाऊजींचा खोकला थांबला असेल. नसेल तर त्यांना सांग की औषध पोटात घ्यायचं असतं, कपाटात ठेवायचं नसतं.

इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे काय, परवा रविवारी आपलं शेत लोकांसाठी उघडलं. दोन वर्षांपूर्वी शेत पक्ष्यांच्या रानासाठी देऊन आपण पालिकेच्या कागदावर सह्या केल्या तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता तिथे गवत उगवेल, दुसरं काय." गवत उगवलंच. पण ते मुद्दाम उगवू दिलेलं आहे, आणि तुझा भाऊ त्या गवताचा अधिकृत राखणदार आहे. खिशावर नाव शिवलेला हिरवा कोट मिळालाय. (एक माप मोठा आहे. बदलून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. सुरकुती पडत नाही, नाव लांबून वाचता येतं.)

खालच्या तुकड्यातलं पाणी बाहेर काढायला वडिलांनी आणि मी किती वर्षं चर खणले, ते तू पाहिलंस. पालिकेनं पाठवलेल्या पक्षीतज्ज्ञ बाई पहिल्याच दिवशी तो मोठा चर बघून म्हणाल्या, "काम फार सुंदर झालंय. आता बुजवा." मी दोन दिवस जेवलो नाही (रात्रीचं सोडून). मग बुजवला. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे इतका पक्का बुजवला की तिसऱ्या दिवशी पाणी बाईंनी तिथे आखलेल्या तळ्याची हद्द ओलांडून अवजारांच्या खोलीत शिरलं आणि बाईंचे गमबूट तरंगत बाहेर आले. बांध अर्धा फूट उतरवला तेव्हा पाणी जागेवर बसलं. त्याच आठवड्यात तिथे बदकं उतरली. चाळीस वर्षांत त्या तुकड्यानं मला एक धड पीक दिलं नव्हतं.

पुढचं सांगायला लाज वाटते. वरच्या तुकड्यात बाईंनी रानफुलांचं बी पेरलं होतं. मला तसं सांगितलंही होतं. पण एका सकाळी हातात खुरपं, समोर तण आणि डोकं घरी राहिलेलं. दहा वाजेपर्यंत सगळा पट्टा साफ करून मी समाधानानं बांधावर बसलो होतो, तेवढ्यात बाई आल्या. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. मग म्हणाल्या, "इतकी स्वच्छ खुरपणी मी आयुष्यात पाहिली नाही." मी ती स्तुती धरली. पट्टा पुन्हा पेरला आणि आज तिथे गुडघाभर फुलं डोलताहेत. (मी तिथून हात पाठीमागे बांधून जातो.)

हिला मात्र हे काहीच पटलं नव्हतं. लग्नापासून बत्तीस वर्षं जिथे दोघं राबलो तिथे लोक हवा खायला येणार, हे तिला सोसेना. सह्या झाल्या त्या दिवसापासून तिनं शेतात पाऊल टाकलं नाही. मी घरी येऊन बदकं किती ते सांगायचो, ती विचारायची, "आणखी भाजी वाढू का?"

रविवारच्या आठ दिवस आधी एका टिटवीनं गाड्या लावायच्या जागेत, ऐन खडीत, चार अंडी घातली. बाईंनी भोवती दोरी बांधली. पण रविवारी उद्घाटनाला पालिकेच्या अध्यक्षांची गाडी आली ती थेट दोरीपाशी. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांची गाडी कायम पुढेच लागते." आम्ही फावडं घेऊन आडवे झालो. "इथे बाळंतीण आहे, गाडी मागे घ्या," असं बजावलं. शेवटी अध्यक्ष उतरून चालत निघाले, तळ्याकाठी त्यांचा एक नवा बूट चिखलानं ठेवून घेतला, आणि भाषण त्यांनी एका मोज्यावर केलं. बरं केलं, फक्त आटोपशीर केलं.

पण ताई, खरा समारंभ नंतर झाला. बाजारातले म्हातारे शिंपी आठवतात? त्यांची मुलगी त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती. ती पायवाट मी स्वतः पाणसळ लावून सपाट केलीय. खुर्ची एकदाही न अडखळता पार पाण्यापर्यंत गेली. ते म्हणाले, "जन्मभर हे कुंपणाबाहेरून बघत आलो." मी त्यांना बदकं मोजून दाखवली. सदतीस होती.

भाऊजींना नमस्कार. तुझा गुडघा बरा झाला की ये. वाटेत बाक आहेत.

तुझा,
हिरव्या कोटातला धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. अध्यक्षांनी तक्रार केली आहे की फावडं उगारलं, आवाज चढवला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी पालिकेत चौकशी आहे. स्वभाव शांत असल्याबद्दल प्रतिष्ठित माणसाचं पत्र हवंय. तू इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. उलट टपाली पाठव.

आणखी एक ता. क. त्या पत्रात माझं नाव घालू नकोस. वर 'आम्ही' म्हटलं ते जरा सैल हातानं लिहिलं. मी तेव्हा फाटकापाशी नकाशे वाटत होतो. टिटवीचा आकांत ऐकून घरातून धावत आली ती ही. फावडं माझं होतं, एवढाच माझा वाटा. कालपासून ती दोरीशेजारी खुर्ची टाकून बसते आणि प्रत्येकाला लांबून वळवते. शांत स्वभाव असं लिहायला तुझा हात धजणार नाही, हे मी समजू शकतो. निदान पिल्लं बाहेर येईपर्यंत तिला तिथून कोणी उठवू नये, एवढं तरी लिही.