माझ्या कवटीचं इन्स्पेक्शन

४ ऑगस्ट
घरी आलो. मार्चमध्ये स्कूटरवरून पडलो तेव्हा कवटीचं जे हाड काढलं, तिथे आता टायटॅनियमची प्लेट. सरकारी विमान कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शन केलंय. टायटॅनियम मला कोणी शिकवू नये. डॉ. सुप्रीता म्हणाल्या, हात लावू नका, सूज आली किंवा काही वाहिलं तर लगेच फोन करा. मान डोलवली. बेताने. अठराला ड्यूटीवर रुजू होणार. बायकोला, वीणाला, अजून सांगितलेलं नाही.

७ ऑगस्ट, सकाळी
टाक्यांजवळ फुगवटा. हात न लावता व्हर्नियरने मोजला. चार मिलिमीटर. टॉलरन्स पाचचा. मीच ठरवला.

८ ऑगस्ट
सहा. टॉलरन्स आठ केला.

१० ऑगस्ट
वीणाला अभ्र्यावर पिवळा डाग दिसला. तेल असेल म्हणालो. म्हणाली, पाच महिन्यांत तुमच्या डोक्याला तेल लागलेलं नाही. बायकांच्या नको ते लक्षात राहतं.

११ ऑगस्ट
टाक्यांतून पाणी येतंय. कारखान्यात असा पार्ट कोणी लगेच फेकत नाही. डेव्हिएशन नोट लिहितात, 'आहे तसा वापरावा', खाली सही. तशी एक इथेच लिहून सही ठोकली. बरं वाटलं. वीणा डॉक्टरांना फोन लावत होती. ओरडलो. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. फार वाईट वाटलं. संध्याकाळी डोसे मी घातले. तव्यालाच चिकटले.

१३ ऑगस्ट
ताप १०२. बेंगळुरूची हवा. कानटोपी घातली.

१४ ऑगस्ट
वीणाने टोपी ओढून काढली. टाके उसवलेले, आत काहीतरी चकाकतंय म्हणाली. फिनिश कसा आहे विचारलं. तिने रिक्षा बोलावली. रिक्षाभर ड्रायव्हरला कन्नडमध्ये सांगत होती, निधान, अण्णा, निधान. हळू, दादा, हळू.

१९ ऑगस्ट, हॉस्पिटल
प्लेट काढली. इन्फेक्शन. सहा आठवडे अँटिबायोटिक, नवी प्लेट निदान सहा महिन्यांनी. कारखान्यातून प्रणीतचा फोन. म्हणाला, सावकाश या सर, इथे काही अडलेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस वाहत होतं? दोन, म्हणालो. वीणाने पिशवीतून ही डायरी काढली आणि तारखेवार इंग्रजीत वाचून दाखवली. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, एवढ्या पानांत तुम्ही घाबरलात असं कुठेच नाही.

घाबरलो होतो. चार मिलिमीटरपासूनच.