परतीचं कपाट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकला तेवढा घातला, उरलेला मनातल्या मनात.) तुझे सांधे, दाजींचं बी.पी. आणि या दोन्हींपेक्षा लहरी असलेली तुमची पाण्याची मोटर, सगळी मंडळी ठीक आहेत ना? आमच्याकडे ही ठणठणीत आहे, मी मधून मधून. तुझं पत्र पोचलं. आमच्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीस, नवी गादी आणलीस, गादीवरचं प्लास्टिक तसंच ठेवून खोलीला कुलूप लावलंस आणि दाजींनासुद्धा आत पाऊल टाकू देत नाहीस, हे वाचून ही गहिवरली. गहिवरलो मीही, पण माझं कारण जरा वेगळं आहे आणि ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. बारा तारखेचं विमान आहे, तोवर तुझं वाचून होईल.

आमच्या घरात एक परतीचं कपाट आहे. हे तुला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा पाच वर्षांत परत जायचं असं ठरलं होतं. त्यामुळे पहिल्याच महिन्यात हिने जाडजूड टॉवेलांची एक जोडी घेतली, हात फिरवून बघितला आणि ‘हे आपण घरी गेल्यावर वापरू’ असं म्हणून कपाटात ठेवून दिली. मग ती सवयच झाली. चांगलं काही दिसलं की घ्यायचं, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा न काढता कपाटात ठेवायचं आणि इथे तोवर चालवून घ्यायचं. या ‘तोवर’मध्ये आमची बावीस वर्षं गेली. त्या काळात आम्ही जे टॉवेल वापरले त्यांच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. किटलीचा दांडा मी लिफ्टच्या वायरीने बांधलेला आहे. (लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात सगळं काही लिफ्टच्या वायरीनेच बांधलेलं असतं.) सोफ्याच्या चौथ्या पायाच्या जागी वीट आहे, आणि तिला आता सोफ्याचाच रंग आलाय. आणि कपाटात? चोवीस माणसांचा जेवणाचा सेट, सहा ब्लँकेटं, दोन इस्त्र्या, वास उडून गेलेले साबण, तुझ्यासाठी पहिल्या वर्षी घेतलेला स्वेटर (भेटीला येताना आणायचा नाही, कायमचं आलो की द्यायचा, असं ठरलेलं), आणि भाचीसाठी एक रडणारी बाहुली. भाचीला आता स्वतःची रडणारी मुलगी आहे, पण बाहुली अजून खोक्यात डोळे मिटून पडून आहे.

तर यंदा अखेर कायमचं परतायचं ठरलं आणि गेल्या महिन्यात सामान पाठवणाऱ्या कंपनीचा यादीवाला घरी आला. हा गृहस्थ तसा भला, पण त्याच्या छापील तक्त्यात वरच ‘वापरलेलं घरसामान’ असं लिहिलेलं आणि त्याचा जीव त्या शब्दात अडकलेला. त्याने विटेचा सोफा आनंदाने लिहिला. बांधलेली किटली कौतुकाने बघून लिहिली. टॉवेल तर उजेडापुढे धरून लिहिले. मग हिने मोठ्या अभिमानाने कपाट उघडलं आणि त्याने पेन खिशात ठेवलं. हे नवं आहे म्हणाला, याला वेगळा अर्ज, दुकानाची पावती, दुकानदाराची सही. आता बावीस वर्षांपूर्वीच्या दुकानदाराला कुठे शोधू? (तरी गेलो होतो. कुतूहल, दुसरं काय. तिथे आता केस कापतात. कापून आलो.) आम्ही परोपरीने सांगितलं की बाबा, हे आमच्याच घरात बावीस वर्षं आहे. तो म्हणाला, असेल, पण वापरलंय कुठे? त्या प्रश्नावर हिने कपाटाचं दार हळूच लावून घेतलं, आणि तुला ठाऊक आहे, ही दार असं हळू लावते तेव्हा घरात घड्याळसुद्धा जपून चालतं. शेवटी दारात बूट घालता घालता त्यानेच तोडगा सांगितला. पाच आठवडे आहेत ना हातात? मग वापरा. वापरलं की झालं वापरलेलं.

ताई, पहिले दोन दिवस आम्ही चोरासारखे वागलो. मी नव्या टॉवेलाने अंग पुसलं आणि घाईघाईने घडी करून होता तसा ठेवला. हिने इस्त्री तापवली आणि तापली एवढं बघून बंद केली. मी म्हटलं, अगं, अशाने हे परत जाईपर्यंतही वापरलेलं दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र हिने पदर खोचला. दोन्ही इस्त्र्या आळीपाळीने चालवल्या, सहाही ब्लँकेटं एका वेळी पांघरली (माझी हालचाल बंद झाली होती, पण ऊब काय विचारतेस), आणि मी बावीस वर्षांत पहिल्यांदा कोरडा होऊन न्हाणीघरातून बाहेर आलो. मला आपली एकच शंका येत राहिली, की एवढं सुख आपल्याच भिंतीत होतं, तर आपण त्याच्या बाहेर उभे का राहिलो? हिला विचारलं. ती म्हणाली, घरी गेल्यावर सांगते.

अडचण आली ती जेवणाच्या सेटची. ताटल्या चोवीस, तोंडं दोन. हिने प्रत्येक ताटलीमागे खडूने आकडा घालून पाळ्या लावल्या, तरी वाडगे, पेले, झाकणाची भांडी यांचे दिवस भरेनात. म्हणून नाइलाजाने शेजाऱ्यांना जेवायला बोलावायचं ठरलं. आता माझी गंमत बघ. हजारो माणसांना त्यांच्या मजल्यावर नेऊन सोडणारं यंत्र मी सांभाळतो, पण आमच्याच इमारतीत कुणाच्या उंबऱ्याच्या आत कधी गेलो नव्हतो आणि कुणी आमच्या आत आलं नव्हतं. आपण काय, जाणारी माणसं, ओळखी कशाला वाढवा, असा आमचा हिशेब. नावं माहीत नसल्यामुळे आम्ही लोकांना आवाजावरून ओळखत होतो. खालचे खोकला, समोरचे भांडण, आणि आमच्या डोक्यावर राहणारी बाई ठकठक. अकरा वर्षं ती पहाटे पाचला डोक्यावर ठकठक चालायची आणि मी खालून तिच्या उंच टाचांना शिव्या मोजायचो.

त्या रविवारी सगळे आले. सगळ्यात शेवटी ठकठक आली. सत्तरीच्या पुढची, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, पायात कापडी सपाता आणि हातात काठी. काठी, ताई. मला ताटलीतून मान वर काढवेना. तर तीच मला निरखून बघत म्हणाली, “म्हणजे शिंक तुम्हीच.” मी सकाळी उठल्या उठल्या सात शिंका देतो, हे तुला माहीतच आहे, त्यावर तू लहानपणी चिडायचीस. ही बाई अकरा वर्षं त्या शिंका मोजते. सात पूर्ण झाल्या की चहा ठेवते. आम्ही दर दोन वर्षांनी तुमच्याकडे येतो तेव्हा तिचा चहा कधीही होतो आणि दिवस बिघडतो. “आता बारा तारखेपासून काय करायचं ते मला कळत नाही,” असं म्हणून तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढे भांडणपैकी नवऱ्याने आमच्या सेटमधला एक पेला फोडला. मी हिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. बावीस वर्षं त्या पेल्यावर ओरखडा पडू नये म्हणून जपणारी ही बाई चक्क हसली आणि म्हणाली, चला, आता कुणी नवं म्हणायला नको.

त्यानंतर गेले दोन आठवडे आमच्याकडे माणसांची ये-जा चालू आहे. खोकल्याचं औषध मला तोंडपाठ झालंय. भांडण कशावरून होतं तेही कळलं (खिडकी, त्याला उघडी लागते, तिला बंद). मंगळवारी यादीवाला येऊन सगळं लिहून गेला, पेला फुटलेला बघून तर त्याला भरून आलं. म्हणजे आता फक्त खोकी भरायची. आणि तिथेच घोडं अडलंय. दिवसा भरलेल्या खोक्यातून सकाळपर्यंत दोन ताटल्या आणि एक टॉवेल बाहेर आलेले असतात. परवा अख्खं ब्लँकेट बाहेर होतं. ही म्हणते मला माहीत नाही. पण हिचा जीव इथे गुंतलाय हे मला दिसतंय, आणि विमान चुकतं की काय अशी मला धास्ती आहे. हिला तुझा शब्द मोडवत नाही, तेव्हा तू तिला चार ओळी खडसावून लिही. दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, मोटरला सबुरी.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा स्वेटर ही रोज घालते आहे. तो ‘वापरलेला’ म्हणून येतोय, कोपरांकडे बघू नकोस.

ता. क. २. वरचं पत्र हिने वाचलं आणि खाली खरं लिहायला सांगितलंय. हिच्या बाजूची सगळी खोकी गुरुवारीच भरून, दोरी बांधून तयार आहेत. ताटल्या मी काढतो. तेव्हा खडसावण्याच्या चार ओळी माझ्या नावे पाठव.

ता. क. ३. येणार आहे, काळजी करू नकोस. बारा तारखेलाच येणार. फक्त एक कर. हे पत्र संपलं की ते कुलूप काढ. गादीवरचं प्लास्टिक फाड, आणि आज दुपारपासून दाजींना वर झोपायला पाठव, वर्तमानपत्र आणि चहासकट. चहा सांडला तर पुसू नकोस. तूही जाऊन बस. मला आता जपून ठेवलेल्या खोलीत राहायची भीती वाटते, ताई. उशीला कुणाच्या तरी डोक्याचा खळगा पडलेला दिसला, की मी बॅग खाली ठेवीन.