चितळाची शिकार, प्रारंभिक स्तर

बैहरहून,
हरभऱ्याले घाटे आले तो आठवडा

चिरंजीव लोकेश याले विमलाताईचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. संघमित्राची कंबर कशी आहे? खुशी घरी मराठी बोलते, का फक्त व्हिडिओ कॉलवर आमच्यावर दया करून "जय भीम आत्या" म्हणते आन् पळते? तिकडे बर्फ पडून राह्यला असन, अंगावर गरम कपडे घालत जा. इकडे आम्ही सारे खुशाल आहो. म्हणजे मी खुशाल आहो, म्हैस खुशाल आहे, आणि तुहे भाऊजी अजून बाहेर आहेत. बाहेर म्हणजे जेलच्या बाहेर. कसे राह्यले ते सांगाले हे पत्र लिहून राह्यली. फोनवर सांगतलं असतं, पण फोनमधून तुहा आवाज आला का हे माह्या हातातून फोन घेतात आन् "लोकेश, झटका किती लागते रे?" असं विचारत आंगणात जातात. म्हणून पत्र. (पोस्टातल्या पोट्ट्यानं विचारलं, मिशिगन कोणत्या तहसिलीत येते.)

तू शिकलेला माणूस, कंपनीत इंजिनिअर, म्हणून तुह्यावर राग काढाले मले जरा संकोच वाटते. तरी काढते. तुले तो नारंगी जाकीट घातलेला, बंदूक धरून हरणाजवळ बसलेला व्हिडिओ पाठवाची काय गरज होती? पाठवला तर पाठवला, मंग यायनं विचारल्यावर नवशिक्यानं हरणासाठी कोणती रायफल घ्यावी यावर दीड तास प्रवचन कायले देल्लं? तुहे भाऊजी मलाजखंडच्या खाणीत ब्लास्टिंगले होते. सारी नोकरी डोंगर उडवण्यात गेली. रिटायर झाल्यापासून यायच्या आयुष्यात सगळ्यात मोठा आवाज कुकरच्या शिट्टीचा. अशा उपाशी माणसापुढे तू बंदुकीचं ताट वाढलं. तुह्या समजदारीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

त्यात यायच्या घराण्याले शिकारीचा वारसा! तुले माहीत आहे, समोरच्या खोलीत टीव्हीच्या वरतं सांबराची शिंगं टांगली आहेत. माहे सासरे, म्हणजे आबा, गावचे कोतवाल. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, शिकारीत डबे वाजवून हाकारा करायचे. एक दिवस मालगुजाराचा नेम चुकला, तर आबानं त्याच्या हातातली बंदूक घेतली आन् धाडकन सांबर पाडला, आणि बक्षीस म्हणून शिंगं मागतली. ही गोष्ट माह्या लग्नात सांगतली तेव्हा सांबर म्हशीएवढा होता. आता तो खाणीतल्या डंपरएवढा झाला आहे. ज्या मालगुजारानं आबाले ओसरीवर चढू देल्लं नाही, त्याच्या भिंतीवरची शिंगंही आपल्यापेक्षा लहान होती, हे शेवटचं वाक्य. ते ऐकल्याशिवाय आमच्या घरी पाहुण्याले चहा भेटत नाही. ते वाक्य सांगताना यायची मान कशी ताठ होते, ते पाहून मी आजवर कधी मधात बोलली नाही.

तर तुह्या प्रवचनानंतर यायचा अभ्यास सुरू झाला. दहावीले एवढा केला असता तर आज खाणीचे मॅनेजर असते. सकाळी चहासोबत बंदुकीचा बोर, दुपारी भातासोबत काडतूस. टू-फोर्टी-थ्री रायफल म्हणे नवशिक्याले बरी, झटका कमी, खांदा दुखत नाही. थ्री-नॉट-एटनं चितळ पडते, पण मारणाराही पडते. बारा बोरची दोन नळ्यायची दुनाली घ्यावी तर एकच मोठी गोळी भरावी का छर्रे भरावे, यावर यायनं एका दिवशी मले मत विचारलं. मी तेव्हा भरल्या वांग्यात मसाला भरत होती. मी म्हटलं, आधी मसाला पुरते का ते पाहू द्या. मंग म्हणे गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. मी म्हटलं, आपल्या घरचं ग्रेन वावरात चितळं खाऊन राह्यले, ते आधी मोजा. तर म्हणतात कसे, "म्हणूनच तर बंदूक पाह्यजे!"

आता इथं चितळ मारला तर माणूस जेलात जाते, हे बैहरमधल्या शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत आहे. मी तसं म्हटलं. यायनं मले समजावलं का लोकेशच्या गावी परवाना भेटते, सीझन असते, सारं कायद्यानं होते. मी म्हटलं, लोकेशच्या गावी नवरे भांडीही घासतात. त्यावर यायले एकदम वावरात काम आठवलं.

वावरातलं काम म्हणजे निरीक्षण. तुह्या व्हिडिओत शिकारी झाडाच्या रंगाचे कपडे घालतात ना, म्हणून यायनं माही हिरवी साडी (हौ, तूच देल्लेली, वास्तूची) अंगाले गुंडाळली आन् फटफटताना हरभऱ्यात पालथे पडले. हातात बंदुकीच्या जागी छत्री. मी मचाणाखाली गवऱ्या गोळा करत सारं पाह्यत होती. चितळं आली. चांगलं पंधरा-वीसचं खटलं, लेकरंबाळं घेऊन. यायच्या दोन्ही बाजूनं घाटे खाल्ले. एका मादीनं यायची कानटोपी हुंगली आन् तिले काही पसंत पडली नाही. यायनं श्वास रोखला, छत्री खांद्याले लावली, एक डोळा मिटला, आन् जोरात शिंकले. बापा, एकही चितळ पळालं नाही! एकानं मान वर करून पाह्यलं आन् परत खाली घातली. घरी येऊन हे म्हणतात, रेंज बरोबर होती.

मंग मले घेऊन बंदुकीच्या दुकानात गेले. मले काहून, तर म्हणे खरेदीत तुही नजर चांगली आहे. दुकानदार बिचारा म्हातारा, अदबशीर. यायनं टू-फोर्टी-थ्री मागतली. तो म्हणे ते इथं नाही, थ्री-फिफ्टीन आहे, बारा बोर आहे, लाइसेन्स दाखवा. हे म्हणतात, लाइसेन्स नंतर, आधी पसंत तर पडू द्या. साडीच्या दुकानात मी असं म्हणते तेव्हा हेच मले बाहेर ओढून नेतात! दुकानदारानं तरी एक दुनाली काढून दाखवली आन् सहज विचारलं, कशासाठी पाह्यजे. यायनं छाती काढून सांगतलं, "चितळासाठी. आम्ही नवीनच आहो." त्यानं दुनाली जशी काढलती तशी परत ठेवली, हात पुसले आन् म्हणाला, "चाचाजी, आपने कुछ पूछा नहीं, मैंने कुछ सुना नहीं." वरून आम्हाले एक कॅलेंडर देल्लं. माणूस भला.

कोणी दुसरा असता तर तिथंच थांबला असता. हे बालाघाटले गेले आन् परवान्याचा अर्ज भरला. वावर राखाले बंदूक पाह्यजे, असं लिहिलं असतं तर कोणाचं काही जात नव्हतं. पण यायले खोटं लिहिता येत नाही. कारणाच्या रकान्यात यायनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, "चीतल का शिकार (प्रारंभिक स्तर)." तिथल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला, यायले बसाले खुर्ची देल्ली, प्याले पाणी देल्लं. हे घरी येऊन सांगतात, सरकारी ऑफिसात लय सुधारणा झाली.

सुधारणा पुढच्या रविवारी जीप घेऊन आमच्या दारात आली. आम्ही नुकतेच विहारातून वंदना करून आलतो. प्राणीहत्या करणार नाही, हे पहिलं शील यायनं सगळ्यायपेक्षा मोठ्या आवाजात म्हटलं होतं. जीपमधून रेंजर मॅडम उतरल्या, समीक्षा नाव, आपल्या खुशीपेक्षा दहा-बारा वर्सानं मोठी असन, सोबत दोन गार्ड. मॅडमनं अर्ज पुढे धरला आन् शांतपणे विचारलं, "चाचाजी, ये प्रारंभिक स्तर क्या होता है?" कोणत्याही माणसानं पाय धरले असते. यायनं खुर्ची पुढे ओढली आन् शिकवणी सुरू केली. बोर, झटका, ग्रेन, सारं. मॅडम ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यायची नजर टीव्हीच्या वर गेली.

"और ये?"

लोकेश, मी दारामागून खुणा केल्या, खोकलली, शेवटी हातातली परात खाली टाकली. हे म्हणाले, "जरा हळू, विमला," आन् उभे राहून आबाची शिकार सांगतली. बंदूक कशी हिसकली, सांबर कसा कोसळला, सारं अभिनयासह. शेवटचं वाक्यही सोडलं नाही. मॅडमनं पूर्ण ऐकून घेतलं आन् विचारलं का शिंगं ठेवाचं प्रमाणपत्र आहे का. कायचं प्रमाणपत्र? मॅडम म्हणाल्या, मंग शिंगं जप्त होतील आन् तुम्हालेही गाडीत बसा लागन.

तेव्हा माह्या जिभेवरचं सारं तिखट उतरलं. यायनं खुंटीवरचं स्वेटर घेतलं, उलटं घातलं, आन् मले म्हणाले, "बीपीच्या गोळ्या दे व." एवढे दिवस गोळ्या गोळ्या ऐकून माहे कान किटले होते, आन् आता यायले ह्या गोळ्या लागल्या. मले वाटलं, या माणसाले मी एकटीनं रागवावं, दुसऱ्या कोणी हात लावू नये.

जीप पाहून शेजारचे डोमाजीकाका आलते. आबाचे सोबती, आता ऐंशीच्या वरते. उंबऱ्यावर बसून ते म्हणाले, "मॅडम, थे शिंगं जरा खालून खरवडून पाहा. सागाचे हायेत."

"काका!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले का म्हैस उठून उभी राह्यली. "माह्या बापाले खोटं पाडता?"

गार्डनं शिंगं उतरवली, चाकूनं बुडाशी खरवडलं. काळ्या पॉलिशखालून पिवळं लाकूड निघालं. मी मनातल्या मनात डोमाजीकाकाले शंभर पुरणपोळ्या खाऊ घातल्या. आता गप बसून चहा पाजावा का नाही? पण हे म्हणतात, चाकू नीट लागला नसन, शिंगं असलीच आहेत! मॅडमनं कपाळाले हात लावला. म्हणाल्या, "चाचाजी, आप तय कर लीजिए. असली है तो गाड़ी में बैठिए. लकड़ी है तो चाय पिलाइए."

लोकेश, हा माणूस विचार करू लागला! बाप का जेल, यात कोणीकडे जावं, याचा विचार. मले भरवसा नव्हता. शेवटी यायनं डोमाजीकाकाले विचारलं, "मंग आबानं सांबर मारलाच नाही?"

काका म्हणाले, "तुह्या बापानं कधी बंदुकीले हात लावला नाही. सांबर मालगुजारानं मारला. त्याचं मुंडकं तुह्या बापानं जंगलातून डोक्यावर आणलं, रगत मानेवरून गळून राह्यलतं. वाड्यापाशी आला तर म्हणे पायरीखाली ठेव. मंग त्या शिंगायवर पाणी शिंपडलं, तवा आत नेले. मेलेलं जनावर आत चालते, हा चालत नाही. घरी आला. सागाचा ओंडका घेतला आन् साऱ्या पावसाळाभर कोरत बसला. मालगुजाराच्या शिंगायले जेवढे फाटे होते, त्यापेक्षा एक जास्त काढला."

मॅडमनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. यायनं ते शिंग गार्डच्या हातातून घेतलं, फाट्यावरून बोट फिरवलं आन् म्हणाले, "लकड़ी है, मॅडम. हमारे आबा ने बनाया." शिकारीची गोष्ट सांगताना जेवढी मान ताठ व्हायची, त्याहून जास्त झाली. मी चहा टाकाले आत गेली. डोळ्याले पदर लावला तो धुरानं, गॅसले धूर नसते हे मले माहीत आहे.

मॅडमनं दोन कप चहा घेतला, अर्ज परत घ्या म्हणाल्या, आन् चितळाच्या नुकसानीचा दावा कुठं करायचा ते समजावून सांगतलं. हे सारं बंदुकीच्या आधी कोणालेही विचारता आलं असतं, पण मंग आमच्या घरी करमणूक कोणी केली असती?

आता घरी शांती असन असं तुले वाटत असन. शिंगं पॉलिश न मारता परत टांगली आहेत, खरवडलेला भाग समोर करून. पाहुणा आला का नवी गोष्ट. काल ऐकली तेव्हा सागाचा ओंडका एवढा मोठा होता का तो आणाले बारा बैलं लागले.

सगळ्यायले जय भीम. अंगाले जपा.

तुही ताई,
विमला

ता.क. अर्ज परत घेतानाही कारण लिहा लागते. यायनं लिहिलं, "शौक पूरा हुआ."

ता.क. दुसरा. वरतं तुले जे जे बोलली ते मनावर घेऊ नको. एक विचारायचं राह्यलं, आन् खरं सांगू तर त्याच्यासाठीच कागद घेतला. त्या व्हिडिओत तू झाडावर बांधलेल्या खुर्चीत बसला आहेस. तिथं म्हणे सकाळपासून दुपारलोक एकटं बसा लागते, फोन बंद, आन् कोणी बोलाचं नाही, नाही तर हरण येत नाही. हे खरं आहे का? खरं असन तर पुढच्या सीझनले मले बोलाव. एकटीले. यायले सांग का संघमित्राच्या कंबरेसाठी ताई पाह्यजे. बंदूक नको, गोळी नको, मले नुसतं बसायचं आहे. खुर्ची जरा मजबूत पाह्य, मी काही बारीक राह्यली नाही. आन् खालून हरण गेलं तर जाऊ दे, मी त्याले चहा घेता का म्हणूनही विचारणार नाही.