कोपऱ्यातला धूर

पप्पा, तुमचं रजिस्टर आज माझ्या टेबलावर आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी तुमच्यावर संशय घेतेय.

नया नगरमधल्या ज्या इमारतीचे फायर अलार्म तुम्ही सांभाळायचात, तिथल्या तळमजल्याच्या गाळ्यात गेल्या महिन्यात आग लागली. मागच्या कोपऱ्यात, कपड्यांच्या गठ्ठ्यांत. अलार्म उशिरा वाजला, स्प्रिंकलर त्याहून उशिरा सुटला आणि म्हातारे वॉचमन चाचा आत अडकले. तपासणी आमच्या कंपनीकडे आली. तुम्ही माझे वडील, हे मी साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "मग तूच जा. जुनं रजिस्टर तुला तरी लागेल." चाचा वाचलेत, पण दर दोन शब्दांना खोकतात. "बेटा, धुआँ पहले मेरी नाक में गया, घंटी बाद में बजी." सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा मागवला, वर बिस्किटं. "मॅडम, डिटेक्टर खराब था, लिख दो ना. पापा का नाम बीच में क्यों लाना?" एवढी माया मला पटली नाही. डिटेक्टर खराब निघाला तर दोष बनवणाऱ्याचा. तो बसवायची जागा चुकली असेल तर सोसायटीचा.

डिटेक्टर खराब नाही. गाळ्यात तो एकच आहे, मधोमध. त्याच्या खाली धूर धरला, सात सेकंदांत वाजला. मग तोच धूर मागच्या कोपऱ्यात सोडला. तो भिंतीलगत वर गेला, छताला लागला आणि आडव्या बीमपाशी थांबला. दोन बीममधला खण भरल्याशिवाय तो पुढे सरकेना. अलार्मला तीन मिनिटं लागली. स्प्रिंकलर तर धुराने सुटतच नाही, त्याला उष्णता लागते, आणि ती उष्णताही त्याच बीममागे अडून राहिली असणार. धूर तोच, खोली तीच. फक्त जागा बदलली.

रजिस्टरमध्ये तुमच्या हातची कोपऱ्यातली एकही चाचणी नाही. दर महिन्याला मधोमध, दर महिन्याला 'ठीक'. तुमच्यानंतर आलेल्यांनीही तेच चालू ठेवलं. तुम्हाला कळत नव्हतं, असं मी मानलं असतं. पण तारोडी गावातलं आपलं स्वयंपाकघर मला आठवतं. चूल कोपऱ्यात. मम्मी बोंबील भाजतेय, तुम्ही दारात उभे आहात आणि बोटाने वर दाखवताय: "बघ, धूर पयला त्या दोन वाशांमधी भरतो, मंग इकडं येतो. दारातल्या मानसाला उशिरा कलतं." मी सात-आठ वर्षांची असेन. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी नंतर कॉलेजात जे शिकले, ते तुम्ही चुलीवरून शिकला होतात.

मग का? सेक्रेटरींना नवे डिटेक्टर बसवायचे नव्हते म्हणून? शिडी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांवर टेकत नव्हती म्हणून? की महिन्याला नऊ इमारती आटपायच्या होत्या? शनिवारी मी तुमच्याबरोबर यायचे. तुम्ही अगरबत्त्यांचा जुडगा काठीला बांधून डिटेक्टरखाली धरायचात, मी बाहेर उभी राहून ओरडायचे, "वाजला." एकदा मी विचारलं, "पप्पा, कोपऱ्यात का नाय धरत?" तुम्ही शिडीवरून खाली बघितलंसुद्धा नाही. "जिथं वाजतो तिथंच धरायची. तू लिव." तुम्ही मला इतकं तोडून एकदाच बोललात. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तुमच्या त्या बोलण्यातला राग स्वतःवरचा होता, माझ्यावरचा नव्हता. पण हेही मी सिद्ध करू शकत नाही.

अहवाल आज दिला. डिटेक्टर चांगला आहे, जागा चुकीची आहे, बीममधल्या प्रत्येक खणात वेगळा डिटेक्टर हवा, आणि आजवरच्या चाचण्या फक्त मधोमध झाल्या, असं स्वच्छ लिहिलंय. त्याखाली चाचणी करणाऱ्यांत पहिलं नाव तुमचं आहे.

हे पत्र मी रजिस्टरमध्ये ठेवणार नाही, रजिस्टर उद्या सोसायटीकडे परत जाईल. एक गोष्ट मात्र अहवालात नाही. सही तुमची आहे. पण सहा वर्षांच्या रकान्यांत जिथे जिथे 'ठीक' आहे, तिथे अक्षर माझं आहे.